४१६००१ ही नेमकी कसली संख्या आहे?

शाहूपुरीचा_मामा · रविवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी.

घरात लग्नाची गडबड आहे. परवा रात्री सोप्यात सतरंजी टाकून सगळे पत्रिकांची पाकिटं लिहायला बसलो होतो. भाची सातवीत आहे, अक्षर सुरेख, म्हणून पाठवणाऱ्याच्या पत्त्याखाली आमच्या कोल्हापुरातल्या शाहूपुरीचा पिनकोड घालायचं काम तिच्याकडं. ४१६००१, ४१६००१ असं तीस-चाळीस वेळा लिहिलं आणि पोरीचं पेन थांबलं.

"मामा, ही मूळ संख्या आहे काय?"

मी म्हटलं, असेल की.

"असेल की म्हणजे? आहे का नाही ते सांग."

मला काही सांगता येईना. तिनं एक खराब झालेलं पाकीट उलटं केलं आणि सुरुवात केली. अंकांची बेरीज १२, म्हणजे ३ नं भाग जातो. उरले १३८६६७. मग ७, ११, १३, १७, १९, कुणीच दाद देईना. २३ वर आली. १३८ मध्ये सहा पूर्ण गेले, मग शून्य, मग ६६ मध्ये दोन, बाकी २०, वरून ७ खाली उतरला. "तेवीस नवे दोनशे सात!" असं एवढ्या जोरात ओरडली की वहिनी लाटणं हातात घेऊनच स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. भागाकार ६०२९. त्याला तिनं ७३ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघितलं, एकानंही भाग गेला नाही. तर हिशेब असा:

४१६००१ = ३ × २३ × ६०२९

मूळ नाही, एवढं ठरलं. पण तिचं समाधान नाही. "मग ही कसली संख्या आहे?" सम-विषम, मूळ-संयुक्त याच्या पुढं माझी गाडी जात नाही. म्हणून इथं विचारतोय. ही संख्या कुठल्या कुठल्या कुळात बसते? आणि तिचा दुसरा हट्ट: ४१६००१ नंतरची सगळ्यात जवळची मूळ संख्या कुठली? एक विनंती, मोबाइलवर टाकून नुसतं उत्तर देऊ नका. तिला हातानं पडताळता येईल असं सांगा.

---

तांबडा_पांढरा · रविवार, रात्री ९:२२

७३ पर्यंत हातानं भागाकार? भावा, भाची जगात भारी. आधी पोरीला एक कॉकटेल आईस्क्रीम खाऊ घाल, मग गणिताचं बघू.

---

गडहिंग्लजचे_गुरुजी · रविवार, रात्री १०:०५

मामा, आधी मुलीचं मनापासून कौतुक. ७३ वर थांबली हे तर फारच आवडलं. ६०२९ चं वर्गमूळ ७७ च्या थोडं पुढं आहे. संख्या संयुक्त असेल तर तिचा एक तरी अवयव वर्गमूळाच्या आत सापडतोच, त्यामुळं ७७ च्या आतली शेवटची मूळ संख्या ७३ संपली की काम संपलं. अडतीस वर्षं शिकवलं, आणि हे 'कुठं थांबायचं' पोरांच्या गळी उतरवायलाच सगळ्यात जास्त वेळ गेला.

आता तिच्या प्रश्नाकडं. तीन वेगवेगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार, प्रत्येक एकेकदाच. अशा संख्येला स्फेनिक म्हणतात. ग्रीक भाषेत 'स्फेन' म्हणजे पाचर. आपण पाचरसंख्या म्हणू. सगळ्यात लहान पाचरसंख्या ३०, म्हणजे २×३×५. गणिती हार्डी रामानुजन यांना भेटायला ज्या टॅक्सीनं गेले तिचा नंबर १७२९ सुद्धा याच कुळातला: ७×१३×१९.

पाचरसंख्येला विभाजक नेहमी आठच. इथं ते १, ३, २३, ६९, ६०२९, १८०८७, १३८६६७ आणि ४१६००१. तिला सांगा, शेवटचा सोडून बाकीच्या सातांची बेरीज कर. १६२८७९ येते. संख्येपेक्षा कमी आली, म्हणून ४१६००१ ही न्यून संख्या. बेरीज बरोबर संख्येएवढी आली तर परिपूर्ण, जशी ६ किंवा २८. जास्त आली तर विपुल.

शिवाजी विद्यापीठाचा ४१६००४ घ्या. तो २×२×३×३४६६७, आणि ३४६६७ मूळ आहे. त्याच्या विभाजकांची बेरीज, तो स्वतः सोडून, ५५४७०० येते. म्हणजे विद्यापीठ विपुल आणि शाहूपुरी न्यून.

---

गुळाचा_रवा · रविवार, रात्री १०:३१

गुरुजी, शाहूपुरीला न्यून म्हणू नका ओ, व्यापारी पेठ आहे ती! 🙂

पण पाचरसंख्येचं मला एकदम पटलं. आमच्या वखारीत गुळाच्या रव्यांची थप्पी लावतात तसं बघा. ४१६००१ रवे आहेत आणि थप्पी लांबी, रुंदी, उंची तिन्हीकडून चौकोनी लावायची, कुठलीही बाजू एकट्या रव्याची नको. तर ती एकाच मापात बसणार: ३ थर, २३ रांगा, एका रांगेत ६०२९. बाजूंची अदलाबदल करा, पण मापं हीच. दुसरं जमणारच नाही. ३० रव्यांची सुद्धा २×३×५ एवढीच. पण २४ घेतले तर २×३×४ पण होते आणि २×२×६ पण.

---

गडहिंग्लजचे_गुरुजी · रविवार, रात्री १०:३८

@गुळाचा_रवा, इतकं स्वच्छ मला वर्गात कधी सांगता आलं नव्हतं. नोकरीत असतो तर उद्याच वापरलं असतं.

---

हळदीची_सांगली · रविवार, रात्री १०:५०

कोल्हापूरकरांनो, आमच्याकडं पण या जरा. सांगलीचा पिन ४१६४१६. बघताक्षणी कळतंय की हा ४१६ × १००१. आणि १००१ म्हणजे ७×११×१३. सगळं फोडलं तर पाच वेळा २, मग ७, ११ आणि दोन वेळा १३. विभाजक मोजा: ६×२×२×३ = ७२. तुमच्या ४१६००१ ला आठ!

---

मंगळवार_पेठ · रविवार, रात्री १०:५४

७२ ठिकाणी फुटतंय म्हणून सांगताय व्हय? आमचं आठावर घट्ट हाय. 😀

---

हळदीची_सांगली · रविवार, रात्री ११:०२

वाटून खायला बरं असतंय ते.

एक युक्ती मात्र तुमच्या भाचीसाठी मनापासून, मामा. सहा अंकी संख्या ७, ११, १३ नं वेगवेगळी भागत बसायची गरज नाही. मधोमध तोडायची आणि वजाबाकी करायची. ४१६ | ००१ चं ४१६ − १ = ४१५. ४१५ ला ७, ११, १३ पैकी कुणानंच भाग जात नाही, म्हणून ४१६००१ लाही जात नाही. ४१६ | ००३ चं ४१३ येतं, ते ७×५९, म्हणून ४१६००३ ला ७ नं भाग जाणारच. एका वजाबाकीत तीन चाळण्या. आमच्या ४१६ | ४१६ चं शून्य, म्हणजे तिन्ही चाळण्यांतून पार. हे सगळं १००१ मुळं होतं.

---

शाहूपुरीचा_मामा · रविवार, रात्री ११:१५

ही युक्ती आत्ता तिला दाखवली. झोपायचं नाव नाही. ४१६००३ फोडून बसलीय: ७ × ६७ × ८८७. म्हणते, "ही पण पाचर!" गुरुजी, बरोबर आहे का?

---

गडहिंग्लजचे_गुरुजी · रविवार, रात्री ११:२०

अगदी बरोबर. ४१६००१ पाचर, ४१६००३ पाचर. मधली ४१६००२ सुद्धा तशी निघाली असती तर ओळीनं तिघी झाल्या असत्या, पण ती २ × २०८००१ आहे आणि २०८००१ मूळ. मधल्या गड्याला एक अवयव कमी पडला. ओळीनं तीन पाचरसंख्या पहिल्यांदा भेटतात त्या १३०९, १३१०, १३११. ओळीनं चार कधीच नाहीत. का ते तिला विचारा. उत्तर सोपं आहे, पण तिचं तिला सापडू दे.

---

सरळ_बोलतो · सोमवार, सकाळी ८:१२

सगळ्यांचा आदर ठेवून विरुद्ध बाजू मांडतो. पिनकोड ही संख्याच नाही. तो पत्ता आहे, अंकांत लिहिलेलं नाव आहे. १५ ऑगस्ट १९७२ ला ही पद्धत सुरू झाली. ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपलेच, संस्कृतचे पंडित आणि कवी. पहिला अंक ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगडचा विभाग. पहिले तीन मिळून टपाल वर्गीकरणाचा जिल्हा, शेवटचे तीन वाटप करणारं पोस्ट. दोन पिनकोडांची कुणी बेरीज करत नाही, सरासरी काढत नाही. मग अवयव काढून काय मिळणार? पोरीला गणित शिकवायचंच असेल तर खऱ्या मोजलेल्या संख्येवर शिकवा.

---

कळंब्याची_सून · सोमवार, सकाळी ९:४०

@सरळ_बोलतो दादा, वेलणकरांची आठवण काढलीत हे छान केलंत. बाकीचं मात्र पटलं नाही. टॅक्सीचा १७२९ तरी कुणी मोजून लावला होता? नंबर पाटीवर होता म्हणून नजरेत आला. मुलांना जी संख्या रोज दिसते तिच्यातच हात घालावासा वाटतो. माझा मुलगा गाडीच्या नंबरांची बेरीज करत शाळेला जातो, MH ०९ च्या पुढचे चार अंक. पाढ्यांचं पुस्तक उघड म्हटलं की तोंड वाकडं.

---

आकडेमोड · सोमवार, सकाळी १०:२५

@सरळ_बोलतो, तुमच्या मुद्द्यात एक गोष्ट मात्र खरी आहे, फक्त ती जरा वेगळी मांडावी लागते.

संख्येचे गुण दोन जातींचे. ३ × २३ × ६०२९ हे संख्येचं स्वतःचं. दहाच्या पद्धतीत लिहा, संगणकाच्या दोनच्या पद्धतीत लिहा, नाहीतर गारगोट्या मांडा, पाचर ती पाचरच. न्यून ती न्यूनच. पण 'अंकांची बेरीज १२' हा गुण आपल्या लिहिण्याचा आहे. दोनच्या पद्धतीत हीच संख्या ११००१०११००१०००००००१ अशी १९ अंकांत लिहितात आणि तिथं अंकांची बेरीज ७ होते. संख्या तीच, बेरीज बदलली.

त्यामुळं कुणी गुण सांगितला की भाचीनं आधी हे विचारावं: हा हाडाचा आहे की कपड्याचा? आपल्याला दहा बोटं नसती तरी हा गुण राहिला असता का? मला दोन्ही जाती आवडतात, पण फरक माहीत असावा.

---

नाशिककर_पाहुणा · सोमवार, दुपारी १:१५

कपड्याच्या गुणांची बाजू घ्यायला मी आलोय. आमच्या देवळालीच्या शाळेत एक शिक्षक होते, दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६). आयुष्यभर अंकांशी खेळले. त्यांचा ६१७४ जगभर गेला. १९७५ मध्ये गणिताच्या कोड्यांवर लिहिणारे अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिलं आणि परदेशातल्या लोकांना देवळालीचं नाव कळलं. तर कापरेकरांच्या नजरेतून तुमची ४१६००१ बघू.

पहिलं, हर्षद संख्या. आपल्याच अंकांच्या बेरजेनं भाग जाणारी, हर्ष देणारी, हे नाव त्यांनीच दिलेलं. ४१६००१ ची बेरीज १२, आणि संख्या विषम, म्हणून हर्षद नाही. मी ४१६००० पासून पुढं एकेक तपासत गेलो. पंधरा झाल्या, सोळा झाल्या, एकही नाही. पहिली हर्षद ४१६०१६ ला भेटली: बेरीज १८, भागाकार २३११२.

दुसरं, स्वयंभू संख्या. एखादी संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा, नवी संख्या जन्माला येते. जिला असा जन्मदाताच नाही ती स्वयंभू. ४१६००१ ला जन्मदाता आहे आणि एकच आहे: ४१५९६८. त्याच्या अंकांची बेरीज ३३, मिळवून बघा.

तिसरा तो प्रसिद्ध खेळ. अंक उतरत्या क्रमानं लावा, चढत्या क्रमानं लावा, वजा करा, पुन्हा तेच. चार अंकी संख्या घेतली तर, सगळे अंक सारखे नसले की, शेवटी ६१७४ वर येऊन थांबते. सहा अंकीचं तसं नाही. ४१६००१ चं ६४११०० − ००११४६ = ६३९९५४. मग ६५०८४४, ८२०८७२, ८६४४३२, ६२९९६४, ७४९९४३, ६५२६४४, ४२०८७६. यापुढचं भाचीनं स्वतः करावं. मी एवढंच सांगतो की थांबणार नाही, आणि हरवणारही नाही.

---

हळदीची_सांगली · सोमवार, दुपारी १:२८

४१६४१६ ची बेरीज २२. ४१६४१६ ÷ २२ = १८९२८, बाकी शून्य. सांगली हर्षद! मी आता काही बोलत नाही.

---

मंगळवार_पेठ · सोमवार, दुपारी १:३३

बोलू नकाच. 😀 अभिनंदन पण. हळद आणि हर्ष दोन्ही तुमच्याकडं.

---

पोरका_पैलवान · सोमवार, दुपारी ३:०२

आनंदी संख्या म्हणून पण एक प्रकार असतोय ना? प्रत्येक अंकाचा वर्ग करून बेरीज करत जायची, शेवटी १ आला तर आनंदी. मी केलं: १६+१+३६+०+०+१ = ५४, मग ४१, १७, ५०, २५, २९, ८५, ८९. ८९ आलं की परत फिरून ८९ वरच येतंय म्हणतात. मी पण करून बघितलं, १४५, ४२, २०, ४, १६, ३७, ५८ आणि परत ८९. म्हंजे आनंदी न्हाई. वाईट वाटलं.

---

कळंब्याची_सून · सोमवार, दुपारी ३:२०

वाईट वाटून घेऊ नका, तो कपड्याचा गुण! वर @आकडेमोड यांनी सांगितलंय की.

---

शाहूपुरीचा_मामा · सोमवार, रात्री ९:४५

आज दिवसभर वहीची पानं भरतायत. कापरेकरांचा खेळ तिनं पुढं नेला: ४२०८७६, ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४ आणि परत ४२०८७६! सात संख्यांचं गोल रिंगण. आप्पांनी (माझे वडील) वही हातात घेतली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "ही तर रंकाळ्याची फेरी. आठव्या पावलाला रस्त्याला लागली, आता फिरत राहणार." रोज पहाटे रंकाळ्याला एक फेरी मारतात ते, म्हणून त्यांना तसं दिसलं. तिनं वहीत सात संख्या गोलात मांडून मधोमध तलाव काढलाय.

गुरुजींच्या 'ओळीनं चार का नाहीत' याचंही उत्तर दिलं. ओळीनं चार घेतल्या की त्यात एक ४ च्या पाढ्यातली येतेच, आणि तिथं २ दोनदा येतो, म्हणून ती पाचर नाही. मी काहीच सांगितलेलं नव्हतं.

---

गडहिंग्लजचे_गुरुजी · सोमवार, रात्री ९:५८

डोळ्यांत पाणी आणलंत मामा. तिला माझा आशीर्वाद सांगा.

---

बिंदू_चौक · सोमवार, रात्री १०:१०

विषय निघालाच आहे तर, जयंत नारळीकर यांचा जन्म आपल्या कोल्हापूरचा, १९३८ चा. त्यांचे वडील विष्णु वासुदेव नारळीकर हे सुद्धा मोठे गणिती. मातीत आहे म्हणायला हरकत नाही.

---

वायफाय_वारणा · मंगळवार, सकाळी ११:१५

कुणीतरी उपयोगाचं विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. बँकेच्या संकेतस्थळावर कुलपाचं चिन्ह दिसतं त्यामागं अनेक ठिकाणी आरएसए ही पद्धत असते. रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी १९७७ मध्ये मांडलेली. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार जाहीर ठेवायचा, त्या दोन संख्या मात्र गुपित. गुणाकार करणं सोपं, उलटं फोडणं महाकठीण. २५० अंकांचा असा एक गुणाकार २०२० मध्ये फोडला गेला, तेही ढीगभर संगणक जुंपून. भाचीनं १३८६६७ फोडताना २३ पर्यंत जी चिकाटी दाखवली, तिचंच ते राक्षसी रूप.

---

सरळ_बोलतो · मंगळवार, सकाळी ११:५०

बरं, मी एक पाऊल मागं येतो. पिनकोड पत्ता आहे हे माझं म्हणणं कायम. पण काल रात्री माझा पिन (कसबा बावडा, ४१६००६) घेऊन बसलो होतो, हे कबूल करतो.

---

आकडेमोड · मंगळवार, दुपारी ४:३०

@सरळ_बोलतो 🙏

आता ज्यासाठी मी दोन दिवस कागद खराब केले ते. हाडाचे गुण बघत होतो. ४१६००१ ही दोन वर्गांची बेरीज होते का? होत नाही. कारण ३ आणि २३ या दोघांना ४ नं भागलं की बाकी ३ उरते, आणि दोघे एकेकटेच आलेत. अशा मूळ संख्या जोडीनं आल्या तरच दोन वर्गांत बसतं. ६०२९ एकटी असती तर बसली असती: ७७ चा वर्ग ५९२९, १० चा वर्ग १००, बेरीज ६०२९. म्हणजे या घरात ६०२९ मोकळ्या स्वभावाची, ३ आणि २३ नं अडवून धरलंय.

तीन वर्गांत मात्र बसायलाच हवी. ८ नं भागून ७ उरणाऱ्या संख्या आणि त्यांच्या ४ पट, १६ पट अशा संख्या सोडल्या तर बाकी सगळ्या बसतात, हा लजांद्र यांचा सिद्धांत. ४१६००१ ला ८ नं भागलं की बाकी १. मी ६४४ चा वर्ग वजा केला, नाही जमलं. ६४३ नाही, ६४२ नाही. ६४१ चा वर्ग ४१०८८१. उरले ५१२०. आणि ५१२० म्हणजे ४०९६ + १०२४!

४१६००१ = ६४१ चा वर्ग + ६४ चा वर्ग + ३२ चा वर्ग

६४१ बघून मी खुर्चीतून उठलो. फर्मा यांना वाटलं होतं की २ चा १ला, २रा, ४था, ८वा, १६वा, ३२वा असा घात घेऊन त्यात १ मिळवला की दरवेळी मूळ संख्या येते. ३, ५, १७, २५७, ६५५३७ पर्यंत खरं ठरलं. १७३२ मध्ये ऑयलर यांनी पुढची ४२९४९६७२९७ फोडली: ६४१ × ६७००४१७. तोच हा ६४१.

भाचीला पुढं कधीतरी उपयोगी पडेल म्हणून कारणही लिहून ठेवतो. ६४१ = ५×१२८ + १, म्हणजे ६४१ नं भागताना ५×१२८ ची बाकी −१ धरता येते. त्याचा चौथा घात केला की बाकी १. तो चौथा घात म्हणजे ५ चा चौथा घात गुणिले २ चा २८ वा घात. पण ६४१ = ६२५ + १६ सुद्धा आहे, म्हणजे ५ च्या चौथ्या घाताची बाकी −१६, म्हणजे उणे २ चा चौथा घात. दोन्ही जोडले की उणे २ चा ३२ वा घात याची बाकी १. म्हणून २ च्या ३२ व्या घातात १ मिळवला की ६४१ नं भाग जातो. कागदावर चार ओळी, ना यंत्र ना काही.

---

गडहिंग्लजचे_गुरुजी · मंगळवार, सायंकाळी ६:४०

@आकडेमोड, सुंदर. तुमचा ६४१ आणखी एका ठिकाणी लपलाय, आणि तिथूनच मामांच्या दुसऱ्या प्रश्नाला वाट फुटते.

६४५ चा वर्ग ४१६०२५. पूर्ण वर्ग आपल्या एवढ्या शेजारी आहे. त्यातून १६ वजा करा: ४१६००९. वर्गातून वर्ग वजा केला की (६४५ − ४) × (६४५ + ४), म्हणजे ६४१ × ६४९. आणि ६४९ म्हणजे ११ × ५९. म्हणून ४१६००९ = ११ × ५९ × ६४१. पुन्हा पाचर!

आता ४१६००१ च्या पुढच्या मूळ संख्येचा शोध. सम सगळ्या बाद. ४१६००३ ला ७ नं भाग जातो, ४१६००५ ला ५ नं. ४१६००७ ची अंकांची बेरीज १८, म्हणून ९ नं. ४१६००९ आत्ताच फोडली. पुढची उमेदवार ४१६०११. ती मूळ आहे की नाही हे मी सांगणार नाही. ६४५ चा वर्ग तिच्यापेक्षा मोठा आहे, म्हणून ६४३ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागलं की पुरे. त्या ११७ आहेत. मुलीची तयारी असेल तर तिनंच निकाल द्यावा. नको वाटलं तर कळवा, मी सांगेन.

---

तांबडा_पांढरा · मंगळवार, सायंकाळी ६:५५

११७ भागाकार?? गुरुजी, सुट्टी आहे पोरीला!

---

शाहूपुरीचा_मामा · मंगळवार, रात्री ८:३०

तिला वाचून दाखवलं. पहिला प्रश्न, "मामा, फुलस्केप आहेत का घरात?"

---

शाहूपुरीचा_मामा · रविवार, सायंकाळी ७:२०

मंडळी, धागा वर आणतोय. निकाल लागला.

आधी तिनं आणि आप्पांनी मिळून आलेखाच्या कागदावर ६४५ पर्यंतच्या संख्या मांडून चाळणी केली. २ च्या पाढ्यातल्या खोडल्या, ३ च्या खोडल्या, ५ च्या, असं करत ११७ उरल्या. मग रोज जेवणानंतर वीस-पंचवीस भागाकार. आप्पा संख्या वाचायचे, ती भागायची, बाकी मोठ्यानं सांगायची, आप्पा तक्त्यात लिहायचे. मधे एकदा १०७ ला बाकी चुकली, आप्पांनी गुणून पकडली. बाकी भागणाऱ्यापेक्षा मोठी आली होती. शेवटचा भागाकार ६४३ चा, काल रात्री पावणेअकराला. भाग ६४६, बाकी ६३३. कुठंही शून्य नाही.

४१६०११ मूळ आहे.

मी म्हटलं, झालं, आता झोप. तर ती तक्त्याकडंच बघत बसलेली. "मामा, १४९ ला बाकी ३ आहे. ३४९ ला पण ३ आहे."

मला काही कळलं नाही. ती म्हणाली, ४१६०११ मधून ३ काढले तर दोघांनीही भाग जाईल. ४१६००८. "राजारामपुरी!" आत्याच्या पाकिटावर लिहिलं होतं म्हणून तिच्या लक्षात होतं. १४९ × ३४९ केलं, ५२००१ आले. त्याला ८ नं गुणलं, ४१६००८. राजारामपुरीसाठी एकही वेगळा भागाकार करावा लागला नाही.

गुरुजी, तुमच्या ४१६००९ चे ११, ५९ आणि ६४१ या तिघांसमोर तक्त्यात बाकी २ आहे. ते पण तिनंच दाखवलं. आज सकाळपासून बोट ठेवून बाकी १० कुठं कुठं आलीय ते शोधत होती, म्हणजे आमच्या ४१६००१ चे अवयव. ११७ ओळींत एकाच ठिकाणी सापडली. तेवीससमोर.